हा हात कोणाचा? मोठ्या टच स्क्रीनवर चौघांनी मिळून काम करणं एवढं अवघड का

माझी मावसबहीण एका गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवते. मध्यंतरी तिच्या वर्गात ८६ इंची टच पॅनल आलं, भिंतीवर लावायचं, टीव्हीसारखं दिसणारं, बोटाने लिहिता येणारं. फळ्यावर एका वेळी दोन पोरं उभी करून गणितं सोडवून घ्यायची तिची जुनी सवय, तीच तिने इथे चालू ठेवली. डावीकडे एक मुलगी, उजवीकडे एक मुलगा, दोघांना हातच्याची वजाबाकी. मुलीचा आकडा चुकला म्हणून तिने खालच्या पट्टीतलं खोडरबर दाबलं, आणि नेमका त्याच वेळी मुलगा स्वतःच्या उत्तराखाली दोन रेघा ओढत होता. रेघा उमटल्याच नाहीत, उलट उत्तराचा खालचा भाग पुसला गेला. "मॅडम, हिने माझं पुसलं!" "मी त्याच्या बाजूला हात पण नाही लावला!" ताई फोनवर म्हणाली की दोघंही रडकुंडीला आलेली, आणि दोघंही खरंच बोलत होती, आता मी ओरडू कोणाला?

मी पुण्यात स्क्रीन डिझाइनचं काम करते त्यामुळे घरातल्या सगळ्या मशिनींच्या तक्रारी माझ्याकडेच येतात, अगदी मिक्सरच्यासुद्धा. पण हा प्रश्न खरंच माझ्या खात्यातला होता. पॅनल बिघडलेलं नव्हतं, त्याची समजच तेवढी होती. अशा पॅनलच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं की एका वेळी वीस टच ओळखतो वगैरे, आणि ते खोटं नसतं, पण ती वीस बोटं दोन माणसांची आहेत, पाच माणसांची आहेत की हातापायांची मिळून एकाच माणसाची आहेत हे त्याला काहीही कळत नाही. त्याच्या लेखी वर्गात एकच कोणीतरी आहे, भरपूर बोटांचा. त्या कोणीतरी खोडरबर घेतलं, म्हणजे आता सगळी बोटं खोडरबर.

फोन आणि लॅपटॉप एकट्याने वापरायच्या वस्तू आहेत, त्यामुळे "हा हात कोणाचा" हा प्रश्न तिथे उपटतच नाही. स्क्रीन टेबलाएवढी किंवा भिंतीएवढी झाली आणि तिच्याभोवती चार माणसं आली की मग पहिली अडचण हीच, आणि पुढच्या बऱ्याच अडचणी हिच्याच पोटातून निघतात.

आधी हे बघू की स्क्रीनला मुळात बोट कळतं कसं, कारण खरी मेख तिथे आहे.

शाळांमधल्या बहुतेक मोठ्या पॅनलमध्ये काच साधीच असते, करामत चौकटीत असते. चौकटीच्या एका बाजूला इन्फ्रारेड दिव्यांची रांग आणि समोरच्या बाजूला ते बघणाऱ्या सेन्सरांची रांग, तसंच वरखाली. म्हणजे काचेच्या जरा वर, डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांची उभी-आडवी जाळी पसरलेली असते. बोट आलं की एक उभा आणि एक आडवा किरण अडतो, ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे बोट. त्यामुळे त्यावर पट्टी चालते, बंद पेन चालतं, हातमोजा चालतो, आणि त्याचमुळे ड्रेसची लोंबणारी बाही, ओढणी आणि कधीकधी माशीसुद्धा चालते. आता गंमत बघा. दोन बोटं एकदम टेकवली तर दोन उभे आणि दोन आडवे किरण अडतात, आणि दोन उभ्या दोन आडव्या रेघा काढल्या तर छेद होतात चार! दोन खरे, दोन भुताचे. ही भुतं उतरवायला मग तिरके किरण सोडून परत तपासावं लागतं की इथे खरंच काही आहे का. एवढी सगळी मेहनत फक्त "इथे काहीतरी आहे" एवढं कळायला, त्यात "कोण आहे" हे कुठून येणार.

दुसरी पद्धत कॅमेऱ्याची, आणि ती आपल्याला वाटते त्यापेक्षा फार जुनी आहे. टोरांटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी १९८२ मध्ये दुधी काचेमागे कॅमेरा लावून बोटांचे काळे ठिपके ओळखणारं यंत्र केलं होतं, बोट जास्त दाबलं की ठिपका मोठा. आयफोन आला २००७ साली, म्हणजे त्याच्या पंचवीस वर्षं आधी. मग २००५ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या जेफ हान यांनी याची स्वस्त आणि देखणी आवृत्ती काढली: ॲक्रिलिकच्या जाड शीटच्या कडेतून इन्फ्रारेड उजेड आत सोडायचा, तो आतल्या आत आपटत राहतो, बाहेर पडत नाही, पण जिथे बोट टेकतं तिथे तो फुटून मागच्या बाजूला सांडतो आणि मागचा कॅमेरा तो पकडतो. पुढच्या वर्षी त्यांनी ते टेड या गाजलेल्या व्याख्यानांच्या मंचावर दाखवलं आणि लोक वेडेच झाले. २००८ च्या अमेरिकन निवडणुकीत सीएनएन वाहिनीवर अँकर जॉन किंग ज्या भिंतीवर नकाशे सरकवत होता ती हान यांच्याच कंपनीची, पुढे २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली आणि २०१५ मध्ये सरफेस हब नावाची ऑफिसांसाठीची भली मोठी टच स्क्रीन जाहीर केली, त्यातली मोठी ८४ इंची.

पण टीव्हीवरच्या त्या भिंतीने माझ्या मते एक गैरसमजही पसरवला. आपल्याकडेही मतमोजणीच्या दिवशी अँकर तसाच नकाशे सरकवत असतो आणि बाकीचे पाहुणे लांब खुर्च्यांवर बसून माना डोलवतात. ते मिळून काम करणं नव्हे, ते कीर्तन झालं, बुवा एक आणि बाकी टाळकरी. आणि एकट्या बुवाचा हात ओळखायची गरजच काय.

खुर्ची सांगते हात कोणाचा

हा प्रश्न सगळ्यात सरळ सोडवला तो २००१ मध्ये, अमेरिकेत केंब्रिजला मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या रिसर्च लॅबमध्ये. पॉल डिट्झ आणि डॅरेन ली यांनी डायमंडटच नावाचं टेबल केलं आणि त्याची कल्पना मला अजूनही फार आवडते. टेबलाच्या पृष्ठभागाखाली बारीक अँटेनांच्या उभ्या-आडव्या ओळी, प्रत्येक ओळीतून वेगळा असा अगदी क्षीण सिग्नल सोडलेला. आणि प्रत्येक माणसाच्या खुर्चीत एक रिसीव्हर. तुम्ही बोट टेकवलं की त्या जागेचा सिग्नल तुमच्या बोटातून, हातातून, अंगातून, बसलेल्या जागेतून थेट खुर्चीत. म्हणजे वायर तुम्हीच! तीन नंबरच्या खुर्चीला जर अमुक ओळीचा सिग्नल ऐकू आला तर टेबलाला कळतं की तीन नंबरवाल्याने इथे हात लावलाय, मग शेजारच्याचा हात त्याच्या हाताला चिकटून का असेना. चित्र वरून प्रोजेक्टरने टाकायचं.

ताईच्या वर्गातलं भांडण या टेबलावर झालंच नसतं. मुलीने खोडरबर घेतलं तर फक्त तिचं बोट खोडरबर, मुलाचं बोट पेनच. कोणी काय लिहिलं हे आपोआप नोंदलं गेलं असतं आणि प्रत्येकाला आपलं स्वतःचं अन्डू मिळालं असतं. हे अन्डू प्रकरण वरवर किरकोळ वाटतं पण फार छळतं, कारण सामायिक स्क्रीनवर चौघं एकदम काम करत असताना मी अन्डू दाबलं तर शेवटची कृती मागे जाते, आणि शेवटची कृती बहुतेक वेळा दुसऱ्याचीच असते.

हात ओळखता आला की मग पुढची गंमत सुरू होते. मेरेडिथ रिंगल मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच टेबलावर २००६ च्या सुमारास असे हावभाव (म्हणजे स्क्रीनला हाताने द्यायच्या खुणा, जेश्चर) करून बघितले जे एका माणसाला करताच येणार नाहीत. चित्र काढायच्या त्यांच्या ॲपमधून बाहेर पडायचं असेल तर सगळ्यांनी एकमेकांचे हात धरायचे आणि मग एकाने टेबलाला बोट लावायचं. माणूसच वायर असल्यामुळे सिग्नल सगळ्यांच्या अंगातून जातो आणि टेबलाला कळतं की चौघांनाही बाहेर पडायचंय. ऐकायला शाळेच्या पिकनिकसारखं वाटतं, पण विचार पक्का आहे, जी कृती सगळ्यांचं काम बंद करते ती एकाच्या चुकलेल्या बोटाने होता कामा नये.

मी हे स्वतः शिकले ते जरा उशिरा आणि शरमिंदी होऊन. एका प्रदर्शनासाठी आम्ही ५५ इंची आडवं टेबल केलं होतं, भोवती पोरं उभी राहून किल्ल्यांची माहिती बघणार. "सुरुवातीला जा" हे बटण एकाच बाजूला होतं, तर पलीकडची पोरं वाकून वाकून दाबायची, म्हणून मी उदार होऊन चारही बाजूंना दिलं. झालं! प्रत्येक येणारं पोरगं पहिल्यांदा तेच दाबणार, आणि बाकी तिघांचा अर्धवट बघितलेला किल्ला गायब. पहिल्याच दिवशी दुपारी एका आजोबांनी मला विचारलं, "बाई, हे सारखं बंद का पडतंय?" मग रात्री बसून बदललं: प्रत्येक बाजूचं बटण फक्त त्या बाजूची खिडकी बंद करणार, आणि पूर्ण टेबल पहिल्यापासून सुरू करायचं असेल तर समोरासमोरच्या दोघांनी एकदम दोन सेकंद दाबून धरायचं. दोघांनी एकमेकांकडे बघून "दाबू का?" असं विचारलं की ते दोन सेकंद बरोबर भरतात. आमच्या टेबलाला हात कोणाचा हे कळत नव्हतं, पण हात कोणत्या बाजूला आहे एवढं कळत होतं, त्यावर भागवलं.

डायमंडटचला अडचणी होत्याच. खुर्चीवरून उठलात की तुम्ही अदृश्य. एकाच माणसाने दोन बोटं दोन ठिकाणी लावली तर फक्त चौकोन कळायचा, नेमकी कोणत्या कोपऱ्यात बोटं ते नाही, म्हणजे वरची भुतं परत हजर. आणि प्रोजेक्टर वर असल्यामुळे हाताची सावली. नंतर आलेल्या कॅमेऱ्याच्या टेबलांवर माणूस ओळखायला लोकांनी काय काय केलं, बोट कोणत्या दिशेने आलंय त्यावरून बाजूचा अंदाज, आणि २०१२ मध्ये जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या एका गटाने तर टेबलाखाली कॅमेरे लावून बुटांवरून माणूस ओळखला. डोकं भारी आहे, पण आपल्याकडे चपला दाराबाहेर काढून आत येणाऱ्या चौघांचं काय करणार हा माझा बाळबोध प्रश्न आहे.

उकडीचे मोदक आणि टेबलावरच्या हद्दी

आता जरा वेगळ्या बाजूने. समजा टेबलाला माणसं ओळखता येतात, तरी माणसं टेबल कसं वाटून घेतात हे माहीत नसेल तर काही उपयोग नाही.

गणपतीत चौघीजणी मिळून मोदक वळत असतात ते आठवा. प्रत्येकीच्या पुढ्यात तिची वाटी, तिचं तेलाचं बोट, हातात तिची पारी. मध्ये उकडीची परात आणि सारणाचं पातेलं, ते सगळ्यांचं. आणि बाजूला, साधारण जिथे कोणाचा हात येत नाही तिथे, चाळणीत केळीच्या पानावर झालेले मोदक आणि झाकून ठेवलेली जास्तीची उकड. कोणी हे ठरवून देत नाही, आखून देत नाही, पण मोडत कोणी नाही. सारण मावशीच्या जवळ असेल तर माझा हात पोचत असूनही मी म्हणते "जरा सारण सरकव गं". आणि मावशीच्या हातातली पारी तुटतेय हे मला दिसत असलं तरी तिच्या पुढ्यात हात घालून मी ती ओढून घेत नाही, निदान एकदा विचारते तरी.

स्टेसी स्कॉट, शीला कार्पेंडेल आणि कोरी इंकपेन यांनी २००४ मध्ये लोक साध्या टेबलाभोवती बसून कसं काम करतात हे बघून नेमकं हेच मांडलं. टेबलावर तीन प्रकारच्या जागा आपोआप तयार होतात: पुढ्यातली आपापली, मधली सगळ्यांची, आणि साठवणीची. आपापली जागा माणसाबरोबर हलते, साठवणीची जागा कामाप्रमाणे इकडून तिकडे सरकते, आणि हद्द पातळ असते, रेघेसारखी नसते. डिझाइन करणाऱ्यांची हौस काय तर पक्के चौकोन आखून देणे, हा तुमचा भाग हा माझा भाग, रंग वेगळे. ते पहिल्या दहा मिनिटांत नकोसं होतं, कारण दोघंजण एकत्र काही बघायला लागली की दोघांच्या हद्दी मिसळायला हव्यात, आणि टेबल म्हणतं नाही, तुमचा कागद पलीकडे जाणार नाही. चांगल्या टेबलाने हद्द आखू नये, ओळखावी. एखादी गोष्ट माझ्या अगदी पुढ्यात आली की ती छोटी व्हावी, मध्ये सरकवली की मोठी व्हावी, एवढं जरी केलं तरी खूप झालं.

याच टेबलावर दुसरी गोष्ट येते ती म्हणजे दिशा. भिंतीवर वर ते वर, पण टेबलाला वर कुठलं? माझ्यासाठी सुलटं ते समोरच्याला उलटं. सुरुवातीच्या बऱ्याच इंजिनियर लोकांनी हे गणित म्हणून सोडवलं, कागद ज्याच्या जवळ जाईल त्याच्याकडे आपोआप फिरवायचा. मग २००३ मध्ये क्रूगर, कार्पेंडेल वगैरे मंडळींनी लोकांचं निरीक्षण करून दाखवलं की कागद फिरवणं हे फक्त वाचायसाठी नसतंच. मी कागद माझ्याकडे वळवून ठेवला तर तो "माझं चाललंय, जरा थांब" असा निरोप असतो. तोच मी अर्धवट तुमच्याकडे फिरवला तर "हे बघ ना" असा, तोंडातून शब्द न काढता. कारकुनाने फॉर्म काउंटरवर आपल्याकडे फिरवून ठेवला की आपल्याला कळतं सही करायचीय. स्क्रीनने आपोआप फिरवायला सुरुवात केली की हे सगळं बोलणंच मुकं होतं.

म्हणून मग हाताने फिरवायचं, पण सरकवणं आणि फिरवणं दोन वेगळी कामं झाली तर वेळ जातो. याच गटातल्या लोकांनी काढलेली युक्ती साधी आहे आणि तुम्ही आत्ता घरी करून बघू शकता. टेबलावर एक कागद ठेवा, त्याच्या कोपऱ्यावर एकच बोट ठेवून ओढा. कागद नुसता सरकत नाही, घासला जाऊन मागून वळत येतो, नदीत सोडलेली होडी दोरीने ओढल्यासारखा. आता मधोमध बोट ठेवून ओढा, सरळ येतो, वळत नाही. बस्स, एवढंच सॉफ्टवेअरमध्ये घातलं: मध्यावर धरलं तर नुसतं सरकेल, कडेला धरलं तर सरकता सरकता फिरेल. एक बोट, दोन कामं, आणि शिकवावं लागत नाही.

पण एकाच कागदावर दोघांचा डोळा असला तर? मी एका कोपऱ्याला धरलाय, तुम्ही दुसऱ्या. टेबलाला माणसं ओळखता येत नसतील तर त्याला वाटतं एकाच माणसाने दोन बोटं फाकवली, म्हणजे झूम करायचंय, आणि फोटो फुगत जातो, फुगत जातो आणि अख्खं टेबल झाकतो. ज्याने हे पहिल्यांदा बघितलंय तो हसून लोटपोट होतो, दुसऱ्यांदा वैतागतो. माणसं ओळखता येत असतील तर निदान पर्याय तरी आहेत. मॉरिस यांनी २००४ मध्ये असे बरेच पर्याय मांडले होते: ज्याने आधी धरला त्याचा, किंवा पदाने मोठा त्याचा, किंवा दोघांना एकेक प्रत, किंवा कोणीच सोडेना तर कोणालाच नाही, आणि माझा आवडता, ओढाताणीत कागद फाटून दोन तुकडे! फाटलेला कागद दिसला की माणसं आपोआप बोलायला लागतात. ऑफिसात "पदाने मोठा त्याचा" हा नियम वेगळा प्रोग्राम करावा लागत नाही, तो आधीच इन्स्टॉल असतो.

भिंत वेगळी, टेबल वेगळं

भिंतीवर दिशेचा प्रश्न नसतो पण पोचण्याचा असतो. ८६ इंची पॅनल जवळजवळ १.९ मीटर रुंद, मध्ये उभं राहून दोन्ही टोकं गाठायची तर कसरत. वरचं बटण चौथीतल्या पोराच्या हाताला येत नाही आणि खालची पट्टी दाबायला उंच सर अर्धे वाकतात. त्यात हात सतत खांद्याच्या उंचीवर धरून पाच मिनिटं काम केलं की खांदे भरून येतात, याला या धंद्यात गोरिला आर्म असं नाव आहे. रंगकाम करणाऱ्याला विचारा, तो नाव न घेता सांगेल.

लांबच्या गोष्टी जवळ आणायच्या युक्त्या बऱ्याच आहेत. जपानमध्ये जुन रेकिमोतो यांनी १९९७ मध्येच असं केलं की पेनाने एका स्क्रीनवरची गोष्ट उचलायची आणि दुसऱ्या स्क्रीनवर ठेवायची, मधल्या मध्ये फरफटत न्यायची गरज नाही, चिमटीने उचलून मीठ टाकल्यासारखं. २००३ मध्ये पॅट्रिक बाउडिश यांच्या गटाने उलटं केलं, तुम्ही फाइल ज्या दिशेला थोडीशी ओढाल त्या दिशेचे फोल्डर स्वतःच तुमच्या हाताजवळ येतात, रबराला बांधल्यासारखे, टाकलं की परत जागेवर. आणि भिरकावणं तर आहेच, फक्त भिरकावलेलं शेजारच्याच्या तोंडावर जाऊन पडलं तर त्याचं काम झाकलं जातं, म्हणून झेलणाऱ्याने हात टेकवल्याशिवाय ते पोचू नये असंही करून बघितलंय.

पॅरिसजवळच्या एका लॅबमध्ये वाइल्डर नावाची भिंत आहे, ७५ स्क्रीन जोडून केलेली, जवळजवळ ६ मीटर रुंद, १४,४०० गुणिले ४,८०० पिक्सेल, आणि सगळी टच. तिथे कॅन लिऊ आणि मंडळींनी २०१६ मध्ये तपासलं की एकाने उचलायचं आणि दुसऱ्याने ठेवायचं अशी सोय दिली तर काय होतं. जिथे दोघं खरंच मिळून काम करत होती तिथे काम लवकर झालं, चालणं कमी झालं, दमणूक कमी झाली आणि लोकांना तेच आवडलं. मला यात नवल वाटलं नाही, घर बांधताना विटा अशाच वर चढतात, एकेक जण वीट घेऊन जिना चढत नाही. पण आपल्या रोजच्या पॅनलमध्ये ही सोय नसते.

आणि अनोळखी माणसं एकत्र आली की काय होतं त्यासाठी हेलसिंकी. तिथे शहराच्या मध्यात सिटीवॉल नावाची मोठी टच स्क्रीन दुकानाच्या काचेसारखी रस्त्याला तोंड करून लावली होती, शहराचे फोटो त्यावर. ८ दिवसांच्या व्हिडिओत १,१९९ माणसं तिला हात लावताना दिसली, अभ्यास २००८ मध्ये छापून आला. रांग नाही, वॉचमन नाही, सूचना नाहीत. एकाने फोटो मोठा करायचा आणि तो शेजारच्याच्या फोटोवर चढायचा, मग कोणी मागे सरकायचं, कोणी हसून ढकलायचं, कोणी मुद्दाम युद्ध करायचं, फोटो फेकून फुटबॉल खेळायचं. स्क्रीनला यातलं काहीच कळत नव्हतं, तरी बहुतेक भांडणं लोकांनी आपली आपण मिटवली, कारण शेजारी उभ्या माणसाचं तोंड दिसत होतं. यावरून काही डिझाइनर म्हणतात की मग स्क्रीनने नाक खुपसूच नये, माणसं बघून घेतील. मला ते अर्धंच पटतं. फुगलेला फोटो दिसतो, कोणी फुगवला तेही दिसतं, म्हणून मिटतं. ताईच्या वर्गातलं खोडरबर मात्र दिसलंच नाही, बदल एका टोकाला दाबलेल्या बटणाने झाला आणि परिणाम दुसऱ्या टोकाला, त्यात पोरांनी काय मिटवायचं?

हावभावांचं एक सांगते, नाहीतर कोणीतरी म्हणेल तीन बोटांनी हे आणि चार बोटांनी ते असं का नाही करत. २००९ मध्ये वॉब्रॉक, मॉरिस आणि विल्सन यांनी वीस साध्या माणसांना टेबलापुढे बसवून २७ कामं दाखवली आणि विचारलं, हे व्हायला तुम्ही हाताने काय कराल? एका हाताने एक, दोन हातांनी एक, असे १,०८० हावभाव जमले. त्यात दिसलं की लोक किती बोटं वापरतायत याकडे लक्षच देत नाहीत, आणि तज्ज्ञांनी बसून बनवलेल्या हावभावांपैकी काही लोकांच्या मनातही आले नव्हते. आपण ज्याला हुशार जेश्चर म्हणतो ते बहुतेक वेळा आपल्यालाच आठवतं.

तर ताईला मी हे सगळं एवढं लांबलचक सांगितलं नाही, तिला दुसऱ्या दिवशी वर्ग होता. सेटिंगमध्ये बघितलं तर तिच्या पॅनलवरच्या फळ्याच्या ॲपमध्ये स्क्रीन दोन भागांत तोडायची सोय निघाली, प्रत्येक भागाला आपली पट्टी, आपलं पेन, आपलं खोडरबर, कुठेतरी तिसऱ्या मेनूत दडवलेली. माणूस नाही ओळखत, पण डावं उजवं ओळखतं, माझ्या किल्ल्यांच्या टेबलासारखंच. ताईने वर चौकटीवर मधोमध लाल इन्सुलेशन टेपचा तुकडा पण चिकटवला, म्हणजे लांबूनही हद्द दिसावी. आठवड्याने परत फोन आला. आता पुसापुशी बंद आहे, पण मुलगी म्हणते त्याची बाजू मोठी आहे, आणि टेप मोजून लावलेली नाही हे ताईने माझ्याकडे कबूल केलंय, वर्गात नाही.